गिअरचा दांडा आणि शेतांतील पहार

आमच्या झरी गांवीं बांधावरचा जड धोंडा हलवावयाचा असला म्हणजे गडी पहारीखालीं एक लहान दगड टेकू म्हणून ठेवितो आणि पहारीचें लांब टोंक दाबतो. हात वीतभर खालीं येतो. धोंडा मात्र दोन बोटें उचलला जातो. विद्यार्थ्यांनीं तरफेचा पहिला प्रकार म्हणून जो पाठ केला असेल, तो हाच. मोटारींतील गिअरचा दांडाही याच जातीचा आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

स्पोर्ट्स कारच्या शौकिनांस गिअर झटकन् पडावा, हात फार फिरूं नये, असें वाटतें. माझ्या पुतण्यानें आपल्या जुन्या मोटारीच्या दांड्यावर करवत चालविण्याचा बेत सांगितला, तेव्हां मीं त्यास आधीं कागद व पेन्सिल आणावयास लाविलें.

दांड्यास मध्यें एक गोळा असतो, तोच टेकू. वर मूठ, व खालीं गिअर सरकविणाऱ्या सळईंत अडकलेलें टोंक. समजा, वरचा भाग २४० मिलिमीटर व खालचा ३० आहे. प्रमाण आठपट झालें. सळई १० मिलिमीटर सरकावी यासाठीं मूठ ८० मिलिमीटर चालली पाहिजे. वरचा भाग कापून १८० केला, तर मुठीची चाल ६० वर येते. वरचा भाग तसाच ठेवून खालचा ४० केला, तरी उत्तर तेंच. जाणते कारागीर ही दुसरी रीत पसंत करितात, कारण मूठ हाताच्या जागेवरून खालीं जात नाहीं.

परंतु चाल वांचली तितका जोर वाढला! सळईस २४ किलोचा जोर लागत असेल, तर पूर्वीं मुठीवर ३ किलो पुरत. आतां ४ लागतील. थंडीच्या सकाळीं गिअरबॉक्समधील तेल घट्ट असतां हा फरक मनगटास चांगलाच कळतो.

याहून नाजूक गोष्ट सिंक्रोच्या कड्याची. अर्ल थॉम्पसन या अमेरिकन अभियंत्याची ही युक्ति १९२८ सालीं कॅडिलॅक मोटारींत आली. तत्पूर्वीं गिअर बदलतांना दोनदा क्लच दाबावा लागे, व चूक झाली कीं दांत करकरत. हें पितळी कडें शंकूवर घासून फिरत्या भागांचे वेग सारखे करितें. मगच दांत गुंततात. त्यास क्षणभर अवकाश हवाच. दांडा आंखूड झाल्यानें कडें चपळ होत नाहीं. रेटारेटी केल्यास तें लवकर झिजतें मात्र.

शिवाय डावीउजवीकडील चालही आंखूड होते. तिसऱ्यांतून चौथा टाकावयास जावें आणि दुसरा पडावा, असा प्रसंग भर वेगांत आला, तर चाकेंच इंजिनास मर्यादेपलीकडे फिरवितात व झडपा वाकतात. ही दुरुस्ती कोणाच्याही वडिलांस परवडणारी नव्हे.

१९८९ सालीं निघालेल्या माझ्दा कंपनीच्या एमएक्स-५ या दोन आसनी मोटारींत दांडा थेट गिअरबॉक्सवर बसविलेला आहे. म्हणून त्याची चाल मुळांतच आंखूड व नेमकी. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत इंजिन व गिअरबॉक्स पुढें असतात आणि दांडा आसनांच्या मध्यें. मधलें अंतर सळ्या किंवा तारा तोडतात. त्यांच्या सांध्यांतील रबरी बुश झिजले कीं मूठ उगाच इकडेतिकडे डुलते, आणि चाल लांब आहे असा भास होतो.

पुतण्याची मोटार उचलून पाहिली, तों दोन बुशांचा चुरा झालेला! नवे बसविले, करवत कोनाड्यांतच राहिली.