डॉर्निअर : समुद्रावरचा पहारेकरी

तटरक्षक दलाचं डॉर्निअर २२८ हे दोन इंजिनांचं, पंख्यांवर चालणारं विमान. मूळ जर्मन, पण परवाना घेऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते कानपुरात बांधलं. प्रवासी विमान म्हणून घेतलं तर माणसं मावतात जेमतेम १९. पंख धडाच्या माथ्यावर असल्याने खिडकीतून थेट खालचं पाणी दिसतं. टेहळणीला याहून मोठी सोय कुठली? पोटाखालच्या रडारला ढगाआडची बोटही सापडते. वादळाआधी हीच विमानं रेडिओवरून मच्छीमारांना बंदराकडे परतायला सांगतात. खरा वैरी मात्र खारा वारा. समुद्रालगत खाली उडून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर गंज चढलाच म्हणून समजा. पश्चिम किनाऱ्यावर त्यांचा मोठा तळ दमणला आहे.