जट होण्याआधी गुंता सोडवू या

माझ्या भाचीला दोन वर्षांपूर्वी टायफॉइड झाला. अकरा वर्षांची पोर, केस कमरेपर्यंत आणि चांगले कुरळे. अठरा दिवस ती अंथरुणात होती. अंगात ताप, डोक्याला घाम, उशीवर मान सारखी इकडून तिकडे. फणी हातात घेतली की रडायची, म्हणून कुणी केसांना हात लावला नाही. ताप उतरला तेव्हा मानेच्या वर, डोकं उशीला टेकतं नेमक्या त्या जागी, लिंबाएवढा गोळा झाला होता. नागपूरच्या महालातल्या आमच्या वाड्यातल्या एक आजी म्हणाल्या, "जट आली जी पोरीला. देवीची आहे, हात नका लावू." दोन दिवस घरातल्या कुणी हात लावलाही नाही, आणि तेवढ्यात तो गोळा आणखी आवळला.

तिसऱ्या दिवशी मी तेलाची वाटी घेऊन बसले. चार संध्याकाळी लागल्या, पण कात्री न लावता केस सुटले. त्या वेळी काय केलं आणि त्यानंतर कुरळ्या केसांसाठी घरात काय काय करत आले, ते इथे क्रमाने सांगते. आपल्याला आधीचं काही ठाऊक असण्याची गरज नाही.

आधी गुंता होतो कसा ते पाहू. केसाच्या बाहेरच्या अंगाला माशासारखे बारीक खवले असतात. लोकरीचं स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतलं की आखडतं, कारण लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात. ओल, उष्णता आणि घासणं हे तिन्ही एकत्र आलं की आपल्या डोक्यावरही तेच घडतं. शिवाय प्रत्येकाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतातच. सरळ केस फणीबरोबर निघून जातो, कुरळा केस शेजारच्या केसांत अडकून बसतो. अठरा दिवस फणी फिरली नाही तर हजारभर मेलेले केस जिवंत केसांना गुंडाळून राहतात. जट म्हणजे एवढंच. वैद्यकात या अवस्थेला 'प्लायका' म्हणतात, आणि ती जगात कुठेही, कुणाच्याही डोक्यावर होते.

आता तयारी. इतवारीत जडीबुटीच्या दुकानांत शिकेकाईच्या शेंगा, रिठे आणि वाळलेला आवळा सुटा मिळतो. तयार पूड घेऊ नका, अख्खं घ्या. पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही, आणि पुडीचे कण कुरळ्या केसांतून निघता निघत नाहीत. संत्र्याच्या सालीची पूडही आपल्या नागपुरात घरोघरी असते. ती उटण्यात चांगली, कुरळ्या केसांत नको. बेसन आणि मुलतानी मातीचंही तसंच.

दुसरी वस्तू घरात असेलच: जवस. आपण विदर्भातली माणसं जवसाची चटणी रोज खातो, पण जवस शिजवल्यावर जो बुळबुळीत चीक सुटतो तो केसांसाठी फार कामाचा आहे. दोन केसांमध्ये तो निसरडा थर धरतो, त्यामुळे गाठ सरकते. दुकानात मिळणाऱ्या महागड्या जेलचं कामही जवळजवळ हेच.

पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मध्यम आचेवर ठेवा आणि हलवत राहा. आठ-दहा मिनिटांनी पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसू लागतं. चमचा वर उचलला की धार तुटत नाही, लोंबत राहते. त्याच क्षणी गॅस बंद करा आणि गरम असतानाच मलमलीच्या फडक्यातून गाळा. बहुतेकांचं चुकतं ते इथे. "थंड झाल्यावर गाळू" म्हणून भांडं झाकून ठेवलं की तासाभरात त्याची खळ होते आणि कितीही पिळलं तरी फडक्यातून उतरत नाही. दुसरी चूक म्हणजे दळलेला जवस वापरणं. मग केसांत कणीच कणी. गाळलेला चीक फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस राहतो. वास बदलला की टाकून द्या.

जास्वंद दारात असेल तर तिची दहा-बारा पानं पाण्यात कुस्करा. तसाच चीक सुटतो. तोही गाळूनच वापरायचा.

आता प्रत्यक्ष गुंता सोडवायला बसू. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गुंतलेलं डोकं आधी धुवायचं नाही. आयांना वाटतं, धुतल्यावर मऊ होईल. होतं उलटंच. नुसतं पाणी आणि चोळणं मिळालं की गोळा स्वेटरसारखा आखडतो. माझ्या भाचीच्या केसांना आम्ही सगळा गोळा सुटेपर्यंत पाणी लावलं नाही.

आधी तेल. खोबरेल घ्या, ते केसाच्या आत काही अंशी शिरतं, काही तेलं मात्र वरच राहतात. डिसेंबरात आपल्याकडे ते बाटलीत थिजतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात धरा, थेट आचेवर नको. तेल गोळ्याच्या वरून ओतून भागत नाही. बोटांच्या टोकांनी ते गोळ्यात दाबून मुरवायचं आणि अर्धा तास तसंच ठेवायचं. मग त्यावर जवसाचा चीक.

बाकीचे सुटे केस बाजूला घेऊन वेणीत बांधून टाका, नाहीतर तेही गोळ्यात ओढले जातात. मग गोळा आणि डोक्याची कातडी यांच्या मधले केस डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरा. ओढ चिमटीवर यावी, कातडीवर नको. एवढं जमलं की पोर रडत नाही, आणि रडली नाही की अर्धी लढाई जिंकली.

सुरुवात करायची टोकाकडून, गोळ्याच्या कडेकडून. मुळाशी फणी घालून खाली खेचलं की वरच्या सगळ्या गाठी खाली जाऊन एकच मोठी गाठ होते. विणकामाच्या सुईचं बोथट टोक कडेच्या दहा-बारा केसांत घालून बाहेरच्या दिशेने हलकेच उचकटा. सुटलेली बट लगेच बाजूला पिळून क्लिप लावा. मोठ्या दातांची फणी त्यानंतर. बारीक फणीचं इथे काहीच काम नाही.

हातात केसांचे पुंजकेच्या पुंजके येतील. घाबरू नका. ते आधीच गळलेले, आत अडकून राहिलेले केस आहेत. त्यांच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल, तोच मुळापासून सुटल्याचा पुरावा. मधूनच तुटलेले आखूड तुकडे जास्त दिसू लागले तर मात्र थांबा आणि आणखी तेल मुरवा.

एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. नंतर पोरीची मान दुखते आणि आपला धीर सुटतो. रात्री उशीवर सॅटिनचं किंवा जुन्या रेशमी लुगड्याचं कापड घाला. सुती अभ्रा केसांना घासतो. सॅटिनचा हा उपाय अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. दाट कुरळ्या केसांचं ज्ञान त्यांच्याइतकं फार थोड्यांकडे असेल. उन्हाळ्यात आणखी एक सांभाळा. रात्रभर कूलरचा झोत थेट डोक्यावर येऊ देऊ नका; मोकळे केस त्यात उडत राहतात आणि सकाळी नवा गुंता तयार असतो. सैल वेणी घालूनच झोपा.

सगळं सुटलं की मग धुणं. पाच-सहा रिठे बिया काढून, आठ-दहा शिकेकाईच्या शेंगा, सात-आठ आवळ्याचे तुकडे आणि चमचाभर मेथी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर अर्धा तास उकळा, निवल्यावर हाताने कुस्करा आणि फडक्यातून दोनदा गाळा. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो. रंगासाठी कुणी तसं मुद्दाम करतात, पण धुण्याच्या पाण्यात त्याचा उपयोग नाही, टॉवेल मात्र खराब होतो.

रिठा आणि शिकेकाईत 'सॅपोनिन' असतं, म्हणजे निसर्गात तयार झालेला फेसाळ पदार्थ. तो तेल पकडतो. रिठ्या-शिकेकाईचं पाणी थोडं आंबटसर असतं, त्यामुळे खवले मिटून राहतात. अंगाचा साबण नेमका उलटा वागतो, खवले उघडे पाडतो. खायच्या सोड्याचंही तेच. "सोड्याने केस कसे मोकळे होतात" असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

महालातल्या जुन्या वाड्यांमध्ये अजून विहिरी आहेत आणि बोअर तर सगळीकडेच. हे पाणी बहुधा जड असतं. ओळखायचं कसं? डाळ लवकर शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. अशा पाण्यात साबणाचा चिकट मळ होऊन केसांवर बसतो. रिठ्या-शिकेकाईचा तसा मळ होत नाही, हा त्यांचा मोठा फायदा. तरी शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या.

डोळे मात्र सांभाळा. रिठा डोळ्यात गेला की आग आग होते आणि तासभर लाली उतरत नाही. मुलांचं डोकं मागे झुकवून धुवा, कपाळावर घडी केलेला पंचा धरा. गेलंच तर साध्या पाण्याने भरपूर वेळ धूत राहा.

घरगुती म्हणून सगळंच चांगलं असं नाही, हेही स्पष्ट सांगते. अंडं लावून गरम पाण्याने धुतलं की ते केसातच शिजतं आणि त्याचे तुकडे काढताना नवा गुंता होतो. लिंबाचा रस चोळून उन्हात बसलं तर कातडी भाजल्यासारखी काळवंडते. कोंडा चिकट, पिवळसर असेल तर तेलाने तो वाढतो. तिथे औषधी शाम्पूच लागतो. आणि उवांसाठी रॉकेल कधीही नाही. त्याने कातडी पोळते आणि जवळपास काडी पेटली तर जिवावर बेततं.

धुतल्यावर टॉवेलने घासू नका. जुनं मऊ धोतर गुंडाळून नुसतं दाबा. केस दमट असतानाच जवसाचा थोडा चीक हातावर घेऊन बटा मुठीत दाबा, मग त्या आपल्या वळणावर वाळतात. कोरडे झाल्यावर कुरळे केस विंचरायचेच नाहीत. एवढं एक पाळलं तर निम्म्या तक्रारी मिटतात.

आता ज्यांची जट जुनी आहे त्यांच्याबद्दल. वर्षानुवर्षांची जट लाकडासारखी घट्ट होते. तिचं वजन मानेवर येतं, मुळांवर सतत ताण पडून तिथले केस कायमचे जाऊ शकतात, आत घाम आणि उवा राहतात. ती तेलाने सुटत नाही, कापावीच लागते. कापताना कातडी आणि जट यांच्या मधे बोट घालून कात्री बोटाच्या वर चालवा. खाली जखम, पू किंवा घाण वास असेल तर घरी काहीच करू नका. मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा.

अवघड असते ती मनातली भीती. जट काढली की कोप होतो, घरात कुणी जातं, असं बायकांना पटवलेलं असतं. जट आलेल्या मुलीला यल्लम्मा देवीला सोडण्याची चाल आपल्याच राज्याच्या दक्षिण भागात होती. मुंबई इलाख्यात १९३४ सालीच मुली देवाला सोडण्यावर कायद्याने बंदी आली, पण भीतीवर बंदी घालता येत नाही. तिच्यासाठी शेजारी बसून बोलणारं माणूस लागतं. श्याम मानव यांनी १९८२ साली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली ती आपल्या नागपुरातच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी गावोगाव जाऊन किती तरी बायकांना समजावून त्यांच्या जटा काढल्या आहेत. घरात कुणी भीत असेल तर जबरदस्तीने कात्री लावू नका, अशा कार्यकर्त्यांना बोलवा.

आणि स्वतःच्या आवडीने लॉक्स ठेवणारे? हल्ली आपल्याकडेही काही तरुण मुलंमुली ठेवतात. त्यात गैर काहीच नाही. लॉक्स म्हणजे ठरवून, सारख्या जाडीचे भाग पाडून वळलेले केस. जटेत आणि त्यांत फरक आहे तो निवडीचा आणि स्वच्छतेचा. अमेरिकेत अशा केसांवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करू नये म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदाही केला.

लॉक्स असतील तर वरची कृती थोडी बदला. रिठ्या-शिकेकाईचं पाणी तिप्पट पातळ करा, तीनदा गाळा आणि फक्त कातडीवर चोळा; खाली ओघळतं तेवढ्याने लॉक्स धुतले जातात. जवसाचा चीक, दही, घट्ट तेल आत घालू नका. एकदा आत बसलं की बाहेर येत नाही. सगळ्यात जपायचं ते वाळवणं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकला असताना, लॉक्स वाळायला वेळ लागत नाही. श्रावणात मात्र ते वरून कोरडे वाटतात आणि आतून ओले राहतात, मग कुबट वास धरतो. पावसाळ्यात सकाळीच धुवा, एकेक लॉक फडक्यात पिळा आणि पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय बांधू नका, झोपू तर नकाच.

माझी भाची आता तेरा वर्षांची आहे. रविवारी जवस ती स्वतःच शिजवते, गरम असतानाच गाळते. आपल्या घरात कुणी आजारातून उठलं असेल, कुणाच्या मानेवर केसांचा छोटासा गोळा हाताला लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन मागे बसा.