आधी ताट ठरवा, मग बाग

नाशिकची वाइन सहल आखताना बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी वायनरी, मग मुक्काम आणि जेवणाचं ‘तिथे गेल्यावर बघू’. मग दुपारी दोन वाजता चार वाइन चाखून झालेल्या असतात, पोटात कावळे ओरडत असतात, शनिवारची गर्दी असते आणि समोर येतो चीज घातलेला पिझ्झा. पिझ्झ्याशी माझं वैर नाही. पण ज्या मातीतली द्राक्षं पेल्यात आहेत, त्या मातीतलं काहीच पानात नाही, ही गोष्ट मला गेली काही वर्षं अस्वस्थ करते आहे.

असं का झालं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. महाराष्ट्रातली आधुनिक वाइन 1980 च्या दशकात सुरू झाली. नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या इंडाजने फसफसणारी वाइन काढली. पिंपळगाव बसवंतलाही त्याच सुमारास एक प्रयत्न झाला. हे सगळं कारखान्याच्या धर्तीवर चाललं होतं. पाहुण्याने यावं, बागेत बसावं, जेवावं, ही कल्पना आली ती राजीव सामंत यांच्याबरोबर. स्टॅनफर्डमध्ये शिकून आणि कॅलिफोर्नियात नोकरी करून ते परतले आणि 1997 मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात त्यांनी सोव्हिन्यों ब्लांची लागवड केली. सल्लागार होते सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की. 2000 साली सामंत यांच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे केले. 2005 मध्ये सुलाची टेस्टिंग रूम उघडली आणि मुंबई-पुण्याचा पाहुणा नाशिकला केवळ गोदाकाठच्या देवदर्शनासाठी येतो, हे समीकरण बदललं.

या पाहुण्याला काय वाढायचं? वाइन परदेशी मानली गेली, म्हणून जेवणही परदेशी. शिवाय गुजराती, मारवाडी, जैन कुटुंबं मोठ्या संख्येने येत असल्याने ते शाकाहारीही हवं. पुण्यातून वाढलेल्या ‘लिटिल इटली’चा शाकाहारी इटालियन स्वयंपाक सुलात आला, तो या दोन्ही गरजा भागवणारा होता. धंद्याच्या दृष्टीने निर्णय अगदी बरोबर. इगतपुरी तालुक्यात संजेगावजवळ, मुकणे धरणाकाठच्या व्हॅलोने वायनरीमध्ये पुण्याच्याच ‘मलाका स्पाइस’चं आग्नेय आशियाई जेवण आलं. दोन्ही ठिकाणी माणूस चांगलं जेवतो. पण नाशिकचं जेवत नाही.

ज्या कॅलिफोर्नियातून ही कल्पना आली, तिथली गोष्ट वेगळी आहे. नापा खोऱ्याने 1968 सालीच शेतजमीन राखीव केली. 1990 च्या वायनरी नियमावलीने वायनरीचं काम द्राक्षावर प्रक्रिया करणं हे आहे, असं पक्कं केलं. बागेत रेस्टॉरंट काढायला तिथे जवळपास वावच नाही. त्यामुळे जेवणाची ठिकाणं गावात गेली. यॉन्टव्हिलसारख्या चिमुकल्या गावात एका जुन्या दगडी इमारतीतलं ‘फ्रेंच लाँड्री’ थॉमस केलर यांनी 1994 मध्ये हाती घेतलं आणि ते जगभर गाजलं. बागेत चाखायचं, गावात जेवायचं, अशी ती विभागणी. आपल्याकडे उलट घडलं. जेवण वायनरीच्या कुंपणाआत आलं आणि गावची खानावळ कुंपणाबाहेर राहिली. म्हणून नाशिकला जाणाऱ्याने ही विभागणी आपली आपणच करायला हवी.

सुरुवात सकाळपासून करावी. सकाळ मिसळीची. बारदान फाट्यावरची ‘साधना’ची चुलीवरची मिसळ आता सगळ्यांना माहीत आहे. मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागेतच मिसळ मिळते. नाशिकच्या मिसळीचा जीव काळ्या मसाल्यात असतो. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजलेलं, त्यावर धणे, लवंग, दगडफूल. मटकीवर रस्सा पडतो तेव्हा आधी तेलाचा तवंग पसरतो, मग भाजल्याचा वास वर येतो. सोबत दही, पापड, पाव आणि बऱ्याच ठिकाणी जिलबीही.

मिसळीनंतर लगेच वायनरीत शिरू नये, हा माझा आग्रह आहे आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला चेतवतं, तोच संवेदक उष्णतेची जाणीव करून देतो. एरवी तो साधारण 42 अंश सेल्सिअसला जागा होतो. मद्यार्कामुळे ही पातळी 34 अंशांच्या आसपास उतरते, असं 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं. आपल्या तोंडाचं तापमान त्याहून जास्त असतं. म्हणजे तिखटाने पोळलेल्या जिभेवर वाइन गेली, की तोंडाची स्वतःची ऊबसुद्धा आग वाटू लागते. त्यात लाल वाइनचं टॅनिन तुरटपणा आणतं आणि चाखणं वाया जातं. दही खावं, दोन तास जाऊ द्यावेत, शहर पाहावं. मग बागेकडे वळावं.

दुपार वायनरीची. चाखलेल्या वाइनबरोबर तिथेच बसून जेवणं यात वेगळी मजा आहे आणि ती घ्यावी. मात्र जागा निवडताना देखावा सोडून तीन गोष्टी विचाराव्यात. ग्लासवर कोणत्या वाइन मिळतात? बाटलीच घ्यावी लागत असेल, तर चौघांत एकच चव वाट्याला येते. दुसरं, स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम. त्या शनिवार-रविवारी टेबलासाठी तासभर थांबावं लागू शकतं. जमत असेल तर मधल्या वारी जावं. तिसरं, ज्येष्ठ मंडळी आणि मुलं बरोबर असतील तर सावली कुठे आहे? नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, रात्री गार पडतात. पण फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन गच्चीवर टिकू देत नाही. संध्याकाळी मात्र गंगापूर धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसलेली यॉर्क वायनरीची गच्ची सुरेख. तिथे भरपेट जेवणापेक्षा थोडं खाणं आणि एक ग्लास पुरे.

तारीख ठरवतानाही जपावं. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मतदानाच्या काळात कोरडा दिवस असतो. सुट्टी पाहून निघालेले लोक नेमके याच दिवशी पोहोचतात. वाइन आणि बिअरसाठी राज्यात वयाची अट 21 वर्षांची आहे, हेही कॉलेजच्या मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

रात्रीचं जेवण मुक्कामाच्या जवळच असावं. यात तडजोड नको. नाशिकच्या वायनरी एका रस्त्यावर नाहीत. गंगापूर रस्ता एकीकडे, दिंडोरी उत्तरेला, इगतपुरीचा पट्टा मुंबईच्या बाजूला. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे आणि दिवसभर चाखत फिरलेल्या माणसाने ती पातळी केव्हा ओलांडली, हे त्याला स्वतःला कळत नाही. ड्रायव्हर बरोबर घेतला असेल तर त्याच्याही जेवणाची विचारपूस करावी. अनेक ठिकाणी पाहुणे आत जेवतात आणि तो बिचारा पार्किंगमध्ये बिस्किटं खात बसतो. हे मी वारंवार पाहिलं आहे आणि ते आपल्याला शोभत नाही.

वाइनची द्राक्षं पिकवणाऱ्या दिंडोरीकडच्या एका बागायतदाराच्या घरी मी एकदा रात्री जेवलो. खाण्याच्या द्राक्षांची बाग विकून टाकून त्यांनी शिराझ लावला आहे. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, मग तोडणी, असं वर्ष त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. वहिनींनी काळ्या मसाल्याचं मटण केलं होतं. बाजरीची भाकरी चुलीवरून थेट ताटात येत होती. शिराझची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली, पेले स्टीलचे. रस्सा झणझणीत नव्हता. भाजलेल्या खोबऱ्याने त्याला जाडी आली होती. भाकरीचा घास रश्श्यात बुडवून खाल्ला आणि वर वाइनचा घोट घेतला, तर टॅनिनचा तुरटपणा मटणाच्या चरबीत विरघळून गेला आणि मागे काळ्या मिरीचा स्वाद राहिला. तो भासही नव्हता. शिराझमधल्या मिरीच्या वासाचं कारण रोटंडोन नावाचं संयुग आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. तेच संयुग आपल्या मसाल्यातल्या काळ्या मिरीत असतं. वहिनींनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “भाऊ, नुसती औषधासारखी लागते, पण रश्श्यावर बरी लागते.” वाइनच्या पुस्तकांत याहून नेमकं मी वाचलेलं नाही.

ही जोडी पर्यटकाला कुठे मिळते? जवळपास कुठेच नाही. खानावळीला वाइनचा परवाना नसतो, तिथे आपली बाटली उघडणं कायद्यात बसत नाही आणि करूही नये. वायनरीकडे परवाना आहे, पण काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी मेनूत असली तर अपवादानेच. वायनरीच्या मेनूत ‘भारतीय’ म्हणून जे येतं ते बहुतेक पंजाबी वळणाचं. खरं तर आसपास किती आहे! इगतपुरीचा इंद्रायणी भात, पेठ-सुरगाण्याची नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी, खानदेशाकडून आलेलं वांग्याचं भरीत, शेवभाजी. भरताचा धुरकट वास आणि गार केलेली रोझे एकत्र छान जमतात. किंचित गोडसर शेनिन ब्लां मध्यम तिखटाच्या शेवभाजीला सांभाळून घेते, कारण गोडवा आग कमी करतो. पुरणपोळीच्या वाटेला मात्र वाइन जाऊ नये. गोड पदार्थापेक्षा वाइन जास्त गोड असावी लागते आणि पुरणापुढे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइनसुद्धा आंबट लागते.

‘नाशिक व्हॅली वाइन’ला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाइन या जागेची आहे, असं आपण कायद्याने जगाला सांगितलं. मग ती या जागेच्या अन्नाबरोबर मिळायला हवी. हंगामात बागांमध्ये राबणाऱ्या ज्या बायका भाकऱ्या बांधून आणतात, त्यांच्याच गावातल्या बचत गटांना आठवड्यातून दोन दिवस वायनरीचं स्वयंपाकघर उघडून द्या, एवढीच माझी वायनरीवाल्यांना विनंती आहे. आणि वाचकांनो, या हंगामात टेबल राखून ठेवायला फोन कराल, तेव्हा वाइनच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा: नाशिकचं काय आहे जेवायला? उत्तर ‘काही नाही’ असं आलं तरी विचारा. शंभर फोनमध्ये तोच प्रश्न आला तर पुढच्या हंगामात मेनू बदलेल.