सम्यक स्मृती आणि पडद्यावरील ध्यानवर्ग

शाळा सोडून नोकरी-शिक्षणासाठी शहरात गेलेले आपले माजी विद्यार्थी अलीकडे एक प्रश्न विचारतात : "सर, रात्री झोप लागत नाही, मन सैरभैर होते. मोबाईलवर माइंडफुलनेसचा वर्ग लावू का?" या प्रश्नाचे उत्तर जबाबदारीने दिले पाहिजे.

'माइंडफुलनेस' ही मूळची आपलीच ठेव आहे. पालीतील 'सती' या संज्ञेसाठी हा इंग्रजी शब्द ऱ्हीस डेव्हिड्स या विद्वानाने १८८१ च्या सुमारास रूढ केला. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार विषयांवर जागरूकता ठेवण्याचा मार्ग सांगितला आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी त्यावर आधारित अभ्यासक्रम रुग्णांसाठी सुरू केला. पुढे सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून त्याला उपचारपद्धतीची जोड दिली.

आज हेच वर्ग इंटरनेटवरून चालतात. आठवड्यातून एकदा शिक्षक व सहाध्यायी पडद्यावर भेटतात. एरवी रोज घरी श्वासाचे निरीक्षण आणि पायापासून डोक्यापर्यंत शरीरातील संवेदनांचे अवलोकन करावयाचे असते. 'मी नालायक आहे' असा विचार आला, तर तो सत्य न मानता केवळ एक विचार म्हणून पाहावयास साधक शिकतो. खेड्यातील वा रात्रपाळी करणाऱ्या माणसाला हे सोयीचे आहे. चिंता व तणाव काही प्रमाणात कमी होतात, असे संशोधनातून दिसते. मात्र केवळ ध्वनिफीत ऐकण्यापेक्षा मार्गदर्शक असलेला वर्ग अधिक उपयोगी ठरतो. एकट्याने सुरू केलेला अभ्यास पुष्कळजण मध्येच सोडतात.

मर्यादाही ओळखाव्यात. तीव्र नैराश्य, भ्रम किंवा जुन्या आघाताच्या आठवणी असतील, तर डोळे मिटून बसल्याने त्रास वाढू शकतो. अशा वेळी प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. चालू औषधे स्वतःहून थांबवू नयेत. जीव नकोसा वाटत असेल, तर वर्गाची वाट न पाहता जवळच्या माणसाला सांगावे. भारत सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

आणखी एक गोष्ट आपण विसरता कामा नये. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दुःखाची सामाजिक बाजू ठळकपणे मांडली. त्यांनी सांगितलेल्या चरित्रात सिद्धार्थाचा गृहत्याग शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाणीतंट्यातून घडतो. दुःखाचे मूळ माणसामाणसांतील संघर्षातही असते, हा त्याचा अर्थ. ज्या मुलाला वसतिगृहात आडनावावरून हिणवले जाते, त्याला 'श्वासाकडे लक्ष दे' एवढेच सांगणे हा अन्याय होय. श्वासाने त्याचे मन स्थिर व्हावे. परंतु त्या स्थिर मनाने त्याने तक्रार लिहावी आणि आपण त्याच्या पाठीशी उभे राहावे. सम्यक स्मृती हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे, संपूर्ण मार्ग नव्हे.

म्हणून माझे उत्तर असे : वर्ग जरूर लावा, पण एकटे राहू नका. या शाळेत एका पंगतीत जेवलेल्या मित्राला आधी फोन करा. दुसऱ्याचे दुःख शांतपणे ऐकून घेणे, हीदेखील सतीची साधनाच आहे.