पोलीस ठाणे ते कारागृह : प्रत्येक टप्प्याला कायद्याची मुदत

जबलपूरजवळील खमरिया हा परिसर दारूगोळा कारखान्यासाठी देशभर परिचित आहे. तेथील पोलीस ठाण्यात नोंदविलेल्या गुन्ह्याची पुढील वाटचाल जबलपुरातच होऊ शकते. कारण जिल्हा न्यायालय, नेताजी सुभाषचंद्र बोस मध्यवर्ती कारागृह आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ याच शहरात आहे. पोलीस आणि कारागृहे हे राज्यांचे विषय असले, तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या प्रवासाचे नियम ठरवते.

दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, पोलिसांना त्याची नोंद करून फिर्यादीला विनामूल्य प्रत द्यावी लागते. अटक केलेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानेही ही हमी दिली आहे.

पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांहून अधिक देता येत नाही. दहा वर्षे वा अधिक कारावास, जन्मठेप किंवा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि अन्य गुन्ह्यांत ६० दिवसांत तपास पूर्ण न झाल्यास आरोपी जामिनाला पात्र ठरतो.

खटला लांबल्यास कलम ४७९ महत्त्वाचे ठरते. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, तर पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने एक तृतीयांश काळ तुरुंगात घालविल्यास त्याच्या सुटकेसाठी कारागृह अधीक्षकांनी न्यायालयाला कळवावयाचे असते. जन्मठेप वा मृत्युदंडाचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित प्रकरणे यांना ही तरतूद लागू नाही.

न्यायालयाचे दार बंद झाल्यास काय होते, हे जबलपूरच्याच एका खटल्याने दाखवून दिले. आणीबाणीतील स्थानबद्धतेविरुद्धच्या शिवकांत शुक्ल प्रकरणात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने, स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनुसार आता आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क निलंबित करता येत नाही. तो निर्णयही २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने रद्दबातल ठरविला. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २०१७ चे प्रमुख निकालपत्र त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

मुदत संपताच तुरुंगाचे दार मात्र आपोआप उघडत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला मोफत विधी साहाय्याचा हक्क असून, १५१०० या क्रमांकावर त्याची माहिती मिळू शकते.