जुनं सॉफ्टवेअर बदलायचं, पण शटर न पाडता

२० एप्रिल २०१८च्या शुक्रवारी ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने आपल्या सेवा शनिवार-रविवारपुरत्या थांबवल्या. ही बँक पूर्वी लॉइड्स बँकेचा भाग होती. वेगळी झाल्यावरही तिचा कारभार लॉइड्सच्याच संगणकांवर पैसे मोजून चालत होता. २०१५मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने टीएसबी विकत घेतली आणि तिला स्वतःच्या प्रणालीवर आणायचं ठरवलं. सुमारे बावन्न लाख ग्राहकांचा बाडबिस्तरा एका शनिवार-रविवारी हलवायचा, असा बेत होता.

रविवारी संध्याकाळी सेवा सुरू झाल्या आणि गोंधळ उडाला. लोकांना लॉगिन होईना, काहींना दुसऱ्याचीच खाती दिसू लागली. सुमारे १९ लाख ग्राहक आपल्या खात्यापर्यंत पोहोचू शकत नव्हते. पगार झालाय की नाही, घराचा हप्ता गेलाय की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. तोवर मुख्याधिकारी पॉल पेस्टर यांनी पद सोडलं होतं. ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली आणि डिसेंबर २०२२मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा तपशील सहसा सांगितला जात नाही. ग्राहकांचा डेटा नव्या प्रणालीत नीट गेला होता, असं नियामकांनीच नोंदवलं आहे. कोलमडली ती नवी प्रणाली, तीही खरे ग्राहक खऱ्या संख्येने आत शिरल्यावर. तिच्यासाठी दोन डेटा सेंटर उभारली होती, दोन्ही एकाच वेळी चालणार होती, पण क्षमतेच्या चाचण्या त्यांतल्या एकावरच घेतल्या गेल्या. आधी तारीख ठरली आणि मग कामं त्या तारखेत बसवली गेली, असं नंतरच्या स्वतंत्र चौकशीत दिसून आलं. माझ्या मते मूळ दोष मात्र याच्याही आधीचा आहे. सगळं एकदम हलवायचं म्हटल्यावर माघारी यायची वाट आपोआप बंद होते.

मग कंपन्या हा धोका पत्करतात तरी का? जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल करणारी माणसं निवृत्त होत जातात. हार्डवेअर मिळेनासं होतं. सुरक्षेच्या सुधारणा येणं थांबतं. कोबोल ही भाषा १९५९मध्ये आकाराला येऊ लागली. तरीही एप्रिल २०२०मध्ये, कोविडच्या लाटेत बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावं लागलं.

कोड एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याच्या कामाशी आपलं नातं जुनं आहे. १९७४मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने परदेशी ग्राहकासाठी केलेल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक हेच होतं. बरोज या अमेरिकी कंपनीचं रुग्णालयासाठीचं सॉफ्टवेअर एका कोबोलमधून तिच्याच दुसऱ्या मालिकेच्या कोबोलमध्ये आणायचं होतं आणि मुंबईत हाताशी होता तो आयसीएल कंपनीचा संगणक. टाटांनी १९८१मध्ये पुण्यात संशोधन केंद्र काढलं, तिथेही जुन्या कोडचं विश्लेषण करणारी साधनं घडली. २००० सालच्या दोन आकडी तारखांच्या संकटाने तर मराठी मुलामुलींची एक अख्खी पिढी या कामात आणली. दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोड ओळीओळीने वाचायची सवय त्या पिढीला लागली. आज ते कौशल्य दुय्यम समजलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण जुन्या कोडमध्ये संस्थेचे कुठेच न लिहिलेले नियम असतात. एक उदाहरण अगदी जवळून पाहू. कोबोलमध्ये पैशाचे हिशेब दशमान पद्धतीने होतात, दहा पैसे म्हणजे नेमके दहा पैसे. आजच्या बहुतेक भाषांमधले साधे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत साठवले जातात आणि त्या पद्धतीत ०.१ हा आकडा नेमका लिहिताच येत नाही. नवख्या माणसाने व्याजाचं सूत्र तसंच्या तसं उतरवलं, तर एखाद्या खात्यात एक पैशाचा फरक पडतो. शिवाय जुना प्रोग्राम अर्धा पैसा वर ढकलतो की खाली, रोज ढकलतो की तिमाहीच्या शेवटी, हे कुठल्याच माहितीपुस्तकात नसतं. लाखो खात्यांचा तो एकेक पैसा संध्याकाळी डे-एंडला, म्हणजे दिवसअखेरच्या हिशेबाला, जमून येतो आणि ताळा लागत नाही.

म्हणून जाणकार माणसं दुसरी वाट धरतात. मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर-लेखकाने २००४मध्ये तिला नाव दिलं ते ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या जंगलात पाहिलेल्या झाडांवरून. आपल्याला त्यासाठी तिकडे जायला नको. ताडाच्या बेचक्यात पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं वडाचं बी रुजतं, मुळं ताडाच्या अंगाने खाली उतरतात, जमिनीला टेकतात, आणि काही वर्षांनी ताड उरला नाही तरी वड स्वतःच्या बळावर उभा असतो.

सॉफ्टवेअरमध्ये हे असं होतं. जुन्या प्रणालीच्या पुढे एक पातळ थर बसवतात. प्रत्येक मागणी आधी या थराकडे येते आणि ती जुनीकडे पाठवायची की नवीकडे, हे तो ठरवतो. पहिल्या दिवशी सगळं जुनीकडेच जातं, म्हणजे ग्राहकाला काहीच जाणवत नाही. मग शिल्लक दाखवणं नवीकडे वळवतात, कारण तिथे नुसतं वाचायचं असतं, लिहायचं काही नसतं. तेही आधी एका शाखेपुरतं किंवा शंभरातल्या एका ग्राहकापुरतं. बिघडलं तर थरातली एक नोंद बदलायची, की मागणी पुन्हा जुनीकडे. पुढे चेकबुकची मागणी, ठेवींच्या पावत्या, आणि व्याज व डे-एंड अगदी शेवटी. दरम्यान बरेच दिवस दोन्ही प्रणाली तेच काम समांतर करतात, रोज रात्री आकडे ताडून पाहिले जातात आणि प्रत्येक फरकाचं कारण शोधलं जातं. बँकांमध्ये संगणक आले, तेव्हा हाताच्या खतावण्या आणि यंत्र बरोबरीने चालवणाऱ्या कारकुनांना यात नवं काही वाटणार नाही.

हे महाग पडतं. दोन प्रणालींचा खर्च, दुप्पट देखभाल, आणि अर्ध्यावर कंटाळा. अर्ध्यावर सोडलं तर दोन्ही प्रणाली कायमच्या गळ्यात पडतात.

निकामी कोड काढून टाकायलाही तेवढीच शिस्त लागते. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने २०१२मध्ये आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढवला. त्यातल्या एकावर तो चढवायचा राहून गेला. त्या सर्व्हरवर २००३पासून वापरात नसलेला एक प्रोग्राम तसाच पडून होता आणि नव्या कोडने नेमका त्याचाच जुना संकेत वापरायला घेतला होता. १ ऑगस्टला बाजार उघडताच तो प्रोग्राम जागा झाला. घाईत दुरुस्ती करताना उरलेल्या सात सर्व्हरवरचा चांगला कोड काढला गेला आणि दुखणं वाढलं. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले.

महाराष्ट्रात या कामाला आणखी एक पदर आहे, तो अक्षरांचा. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली सॉफ्टवेअर वेगवेगळ्या फॉन्टच्या खास संकेतांत मराठी साठवत. तो डेटा तसाच नव्या प्रणालीत ओतला तर 'कृष्णा'च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकारापाशी ते अडखळतात, आणि आडनावातलं एक अक्षर चुकलं तर माणूस आपल्याच खात्याला परका होतो.

सात-बाराच्या संगणकीकरणात नोंदींची तपासणी कशी केली गेली, ते पाहण्यासारखं आहे. हस्तलिखित उतारे संगणकात गेले होते, पण नावं गळाली होती, क्षेत्रं जुळत नव्हती. खरेदी, वारस, बोजा यांच्या नोंदी तर थांबवता येत नाहीत. तेव्हा २०१७मध्ये गावोगाव चावडीवाचन झालं. तलाठ्याने संगणकातला उतारा लोकांसमोर वाचायचा आणि खातेदारांनी चुका सांगायच्या. डेटाची याहून चांगली तपासणी मी कुठल्या मोठ्या कंपनीतही पाहिलेली नाही, कारण इथे तपासणारा त्या नोंदीचा मालकच होता. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा सुरू झाला. त्यातूनही निसटलेल्या लेखनप्रमादांसाठी जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५ आजही वापरलं जातं.

आपल्याकडच्या पतसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने, औषधांचे वितरक यांच्यापुढे आज हाच प्रश्न आहे. कित्येक ठिकाणी डॉसच्या काळातली, फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली प्रणाली अजून इमानेइतबारे चालते. त्यांना माझा आग्रह एवढाच, की विक्रेत्याशी करार करण्याआधी ती प्रणाली रोज चालवणाऱ्या माणसाला समोर बसवा आणि तो कोणत्या वेळी कोणती कळ का दाबतो, हे लिहून घ्या. करारात समांतर चालवण्याचा काळ आणि माघारी येण्याची तरतूद पैशांसकट नमूद करा. ऊस गाळपाच्या हंगामात किंवा दिवाळीच्या तोंडावर बदल करू नका. आणि जुना सर्व्हर बंद करण्याआधी एक ३१ मार्च नव्या प्रणालीवर जाऊ द्या. लाभांश, संशयित कर्जांसाठीची तरतूद, वार्षिक ताळेबंद हे प्रोग्राम वर्षातून एकदाच चालतात आणि त्यांतल्या चुका तोवर कुणाच्याच नजरेला पडत नाहीत. त्यानंतरही जुना डेटा फक्त वाचता येईल अशा रूपात लेखापरीक्षकासाठी ठेवावा लागतो, तेव्हा तो उघडणारं एखादं चालू यंत्र आणि ते हाताळू शकणारा माणूस, दोन्ही सांभाळा.