पडद्याविना आलेख

भोसरीपासून चाकणपर्यंत रात्रपाळीला कारखाने चालू असतात, हे आपण रोज पाहतो. परंतु त्या यंत्रांच्या जोडीला काही संगणक रात्रभर आलेख काढीत असतात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. मी शिरलो तो घरच्या एका प्रसंगामुळे.

माझे थोरले बंधू चाकणच्या एका लहान कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहेत. दर तासाला पाच शाफ्ट मोजायचे आणि त्यांच्या व्यासाची सरासरी आलेखावर मांडायची, हे त्यांच्या खात्याचे काम. ही पद्धत अमेरिकेतील वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली मांडली, पुढे प्रा. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते भारतातही येऊन गेले. आलेखावर मधोमध सरासरीची रेषा आणि वर-खाली दोन मर्यादारेषा असतात. ठिपका मर्यादेबाहेर गेला, किंवा ठिपके एकाच दिशेने सरकू लागले, की टूल झिजले असावे असे समजून यंत्र थांबवायचे.

पूर्वी हा आलेख हाताने काढीत. नंतर ते काम दर तासाला आपोआप चालणाऱ्या एका प्रोग्रामकडे आले. तो काढील ते चित्र यंत्राजवळच्या पडद्यावर दिसे. एका रात्री पडद्यावर सारे ठिपके मर्यादेत होते, आणि सकाळी मात्र पाळीचा बराच माल नापास झाला. शोध घेता कळले, की प्रोग्राम संध्याकाळीच बंद पडला होता. कामगार रात्रभर जुनेच चित्र पाहत होते.

असे का झाले? प्रोग्राम लिहिला गेला तो टेबलावरच्या संगणकावर. तेथे तो आधी पडद्यावर खिडकी उघडून तीत आलेख काढी. त्या संध्याकाळी तो कोपऱ्यातल्या दुसऱ्या संगणकावर हलविला. त्याला पडदाच जोडलेला नव्हता. खिडकी उघडेना, म्हणून काम तेथेच थांबले.

वास्तविक चित्र तयार करण्यास पडदा लागत नाही. पायथन भाषेत आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब हे साधन वापरतात. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-संकेत पाहता यावेत म्हणून जॉन हंटर यांनी ते रचले व २००३ साली सर्वांना खुले केले. त्यात ‘अ‍ॅग’ नावाचा एक भाग आहे. तो प्रत्येक बिंदूचा रंग स्मृतीतच ठरवितो आणि चित्र थेट फाइलीत उतरवितो. प्रोग्रामच्या आरंभीच ‘अ‍ॅग’ निवडावा, खिडकी मागू नये आणि चित्र जतन करण्याची आज्ञा द्यावी, एवढे पुरते.

आता चित्राच्या दर्जाविषयी. काहीच न सांगितल्यास चित्र ६.४ बाय ४.८ इंचांचे, इंचाला १०० बिंदू असे निघते. म्हणजे अवघे ६४० बाय ४८० बिंदू. छापल्यावर त्यातील अक्षरे दातेरी दिसतात. इंचाला ३०० बिंदू सांगितले, तर तेच चित्र १९२० बाय १४४० बिंदूंचे होते. मात्र इंच वाढवू नयेत. त्याने चित्राच्या मानाने अक्षरे बारीक होतात. फाइल पीएनजी प्रकारची ठेवावी. जेपीईजी प्रकार छायाचित्रांना बरा, पण त्यात बारीक रेषांच्या कडेला डाग उमटतात, आणि येथे तर मर्यादारेषेवरच सारा निर्णय असतो. छापण्यासाठी पीडीएफ उत्तम. त्यातील रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. मराठी नावे हवी असल्यास देवनागरी फॉन्ट सांगावा लागतो, नाहीतर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात.

आणखी दोन पथ्ये आहेत. प्रत्येक चित्र जतन झाल्यावर ते स्मृतीतून मिटवावे. नाहीतर रात्रभरात चित्रे साचत जाऊन संगणक अडखळतो. आणि चित्र काढल्याची वेळ चित्रावरच छापावी. ती छापलेली असती, तर त्या रात्री जुने चित्र कोणाच्याही ध्यानात आले असते.

आपल्या भूगोल व अर्थशास्त्र विभागांतही आता आलेख संगणकावर होतात. ते करताना हा अनुभव उपयोगी पडावा. बंधूंच्या कारखान्यात आता प्रत्येक आलेखाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत वेळ असते. ठिपक्यांकडे वळण्यापूर्वी ते पहिल्यांदा ती वाचतात.